श्लेमील कोण आणि श्लिमाझल कोण?

ज्याच्या हातून गरम सूप सांडतं तो श्लेमील. ते ज्याच्या मांडीवर सांडतं तो श्लिमाझल. आणि कुणी सांगायच्या आत फडकं आणून जो ते पुसायला बसतो तो नेबिश.

अमेरिकेतल्या ज्यू घरांत ही व्याख्या वर्षानुवर्षं सांगितली जाते. तिघेही लोकांच्या हसण्याचा विषय आहेत, पण पहिल्याचा घोळ त्याच्या स्वतःच्या हातांनी झाला, दुसऱ्याचा नशिबाने, आणि तिसऱ्याचा त्याच्या पडखाऊ स्वभावाने. मराठीतही वेंधळा, करंटा आणि नेभळट एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तरीही अमेरिकन मालिका बघताना, तिथल्या विनोदवीरांना ऐकताना किंवा तिथल्या सहकाऱ्यांशी बोलताना हे शब्द कानावर आले की आपण सगळ्यांना सरसकट ‘मूर्ख’ या एकाच खात्यात टाकतो. ते मला पटत नाही. या शब्दांच्या मुळाशी एक खरा आणि अवघड प्रश्न आहे: एखाद्या माणसाचं काहीच धड होत नाही, तेव्हा दोष नेमका कुणाचा?

आधी हे शब्द आले कुठून ते बघू. ते आले यिडिशमधून. यिडिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. साधारण हजार वर्षांपूर्वी ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातल्या जर्मन बोलींमधून ती घडली. हिब्रू आणि अरमाईक शब्द तिच्यात सुरुवातीपासून होते, आणि ही माणसं पूर्वेला पोलंड, लिथुआनिया, युक्रेनकडे सरकली तसे स्लाव्हिक भाषांमधले शब्दही तिच्यात मुरले. लिहायची ती हिब्रू लिपीत. इथे मराठी वाचकाचा एक घोटाळा होण्याची शक्यता आहे. ज्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायली, ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत. त्यांची मायबोली मराठी, आणि इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ याच नावाचं मराठी नियतकालिक काढलं. मुंबईतले बगदादी ज्यू आले ते अरबी बोलत. यिडिशशी या दोघांचाही संबंध नाही.

१८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली. दारिद्र्य तर आधीपासूनच होतं. तेव्हापासून १९२४ पर्यंत पूर्व युरोपातून २० लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत उतरले. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने हे दार जवळजवळ बंद केलं. आलेल्यांपैकी फार मोठा भाग न्यूयॉर्कमध्ये, त्यातही मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या कोंदट चाळींमध्ये राहिला. तिथे यिडिश वर्तमानपत्रं निघाली, सेकंड ॲव्हेन्यूवर यिडिश नाटकं गर्दी खेचू लागली. पुढच्या पिढीने घराबाहेर इंग्रजी धरली, तरी वैतागायला, कीव करायला आणि शिव्या द्यायला आईवडिलांचेच शब्द ठेवले.

इंग्रजी कानाला या शब्दांचा आवाजच नवा होता. ‘श’ला लगेच ‘ल’, ‘म’ किंवा ‘न’ जोडून सुरू होणारे शब्द अस्सल इंग्रजीत नाहीत. श्लोक आणि श्लेष म्हणणाऱ्या आपल्या जिभेला श्लेमील अजिबात जड जात नाही, पण अमेरिकन माणसाला त्या जोडाक्षरातच चेष्टा ऐकू येते. ‘श्म’च्या बाबतीत तर हे आणखी पुढे गेलं. कुठलाही शब्द घ्यायचा, तो पुन्हा म्हणताना सुरुवातीला ‘श्म’ लावायचा, की त्या गोष्टीची किंमत शून्य झाली. डॉक्टर-श्मॉक्टर, म्हणजे कसला आलाय डॉक्टर! आपल्या ‘पुस्तक-बिस्तक’सारखीच ही रचना, फक्त आपल्या ‘बि’मध्ये ‘वगैरे’ असतं आणि त्यांच्या ‘श्म’मध्ये तुच्छता. ही सवय अमेरिकन इंग्रजीत इतकी रुजली की येल विद्यापीठाच्या कायदाविषयक नियतकालिकात १९९३ साली न्यायालयीन निकालांमधल्या यिडिश शब्दांवर एक लेख आला आणि त्याचं शीर्षकच होतं ‘लॉसूट, श्मॉसूट’.

आता श्लेमील. या नावाचा उगम बायबलमधल्या शलुमीएल या शिमोन वंशाच्या सरदाराशी जोडला जातो. जर्मन कवी हाइनरिश हाइने याने १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितेत त्यावर एक कथा रचली: एका पापी माणसाला मारण्यासाठी भाला फेकला गेला, तो चुकला, आणि शेजारी उभ्या असलेल्या निरपराध श्लेमीलच्या छातीत घुसला. व्युत्पत्ती म्हणून ती कितपत खरी यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

हा शब्द यिडिशबाहेर, युरोपभर नेला तो आडेलबर्ट फॉन शामिसो या लेखकाने. आपली सावली सैतानाला विकून पस्तावणाऱ्या माणसाची त्याची गोष्ट १८१४ मध्ये आली आणि नायकाचं नाव होतं पेटर श्लेमील. शामिसो स्वतः ज्यू नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीत घरदार गमावून जर्मनीत आलेल्या सरदार घराण्यातला तो मुलगा. धड फ्रेंच नाही, धड जर्मन नाही, अशा माणसाला आपल्या नायकासाठी ज्यूंच्या बोलीतलं नाव घ्यावंसं वाटलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या शब्दाचा अर्थ सांगितला आहे: श्लेमील म्हणजे असा माणूस, जो बंडीच्या खिशात हात घालतानाही बोट मोडून घेतो, आणि पाठीवर पडला तरी नाक फोडून घेतो.

श्लेमीलचं सगळ्यात जिवंत चित्र मात्र यिडिश लेखक शोलेम अलेखेम यांच्या मेनाखेम-मेंडल या पात्रात सापडतं. हा गृहस्थ बायको-मुलांना खेड्यात ठेवून नशीब काढायला ओडेसा शहरात जातो आणि चलनाच्या सट्ट्यात उतरतो. पैसा कागदावर वाढतो, त्याची पत्रं आनंदाने ओसंडू लागतात, आणि पुढच्या पत्रात सगळं बुडालेलं असतं. मग शेअर, मग दलाली. पुढे तो लग्नं जुळवण्याच्या धंद्यात पडतो. दुसऱ्या मध्यस्थाबरोबर तारा करकरून एक झकास स्थळ जमवतो, दोन्हीकडची मंडळी भेटायला येतात आणि तेव्हा कळतं की दोन्हीकडे मुलगीच आहे. घरून बायको पत्रात फाडफाड बोलते, परत ये म्हणते. तिचं प्रत्येक वाक्य बरोबर असतं. तरी वाचताना मेनाखेम-मेंडलचा राग येत नाही, कारण तो आळशी नाही, लबाड नाही, आणि दर वेळी तितक्याच विश्वासाने उभा राहतो. शोलेम अलेखेम १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये वारले, तेव्हा अंत्ययात्रेला लाखाहून अधिक लोक लोटले होते. त्या गर्दीत अनेकांच्या घरी एखादा तरी मेनाखेम-मेंडल असणार.

श्लिमाझलचं दुखणं निराळं. हा शब्द दोन तुकड्यांचा: जुन्या जर्मनमधला ‘श्लिम’, म्हणजे वाकडं, आणि हिब्रूतला ‘माझल’, म्हणजे नशीब. माझलचा मूळ अर्थ तारा किंवा राशी. ज्यू लग्नात सगळे ओरडतात ते ‘माझल तोव’ म्हणजे शब्दशः शुभ ग्रह. ग्रहदशेच्या भाषेत वाढलेल्या आपल्याला श्लिमाझल समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत: ज्याचे ग्रहच वाकडे, तो. आपल्याकडचा कपाळकरंटा त्याच्या सगळ्यात जवळ जातो, पण ‘करंटा’मध्ये आपण कधी कधी हिणवतो, तसं श्लिमाझल म्हणताना होत नाही. त्याने काहीच चुकीचं केलेलं नसतं. अकराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये जन्मलेला कवी अब्राहम इब्न एझ्रा याने आपल्याच नशिबाबद्दल लिहिलं होतं, की मी मेणबत्त्या विकायला बसलो तर सूर्य मावळायचा थांबेल, आणि कफनांचा धंदा केला तर मी जिवंत आहे तोवर कुणी मरणार नाही. पुढे यिडिशमध्ये हेच श्लिमाझलचं वर्णन होऊन बसलं.

हात आणि नशीब यांत इतका काटेकोर फरक करायची गरज त्या लोकांना का पडली, याचं उत्तर त्यांच्या जगण्यात आहे. रशियन साम्राज्यात ज्यूंनी राहायचं ते पश्चिमेकडच्या एका आखून दिलेल्या पट्ट्यात. हा नियम १७९१ पासून १९१७ पर्यंत चालला. १८८२ च्या कायद्यांनी गावखेड्यांत नव्याने वस्ती करायला आणि शहराबाहेर जमीन घ्यायला बंदी आली. पाच वर्षांनी शाळा-विद्यापीठांत ज्यू मुलांच्या संख्येवर मर्यादा आली. शेती नाही, सरकारी नोकरी नाही, शिक्षणाच्या जागा मोजक्या. मग हजारो माणसं एकाच गावात एकमेकांना सुया, दोरे, खारवलेले मासे विकत बसली. अशा ठिकाणी कुणाचं दुकान बुडालं, तर तो त्याचा गाढवपणा, त्याची फुटकी ग्रहदशा, की त्याला सगळीकडून बांधून घालणारा कायदा? घरातल्या माणसांना हा प्रश्न रोज पडत होता. बायकोला नवऱ्याबद्दल, सासऱ्याला जावयाबद्दल. त्या घरांतल्या भांडणांनी आणि समजुतींनी या शब्दांना इतकी बारीक धार दिली, असं मला ठामपणे वाटतं.

नेबिश हा मूळचा यिडिशमधला ‘नेबेख’. हा स्लाव्हिक भाषांकडून आलेला शब्द वाक्याच्या मधेच टाकतात आणि त्याचा अर्थ अगदी सरळ आहे: बिचारा. ‘त्याचा भाऊ, नेबेख, अजून भाड्याच्या खोलीत राहतो.’ अमेरिकेत आल्यावर या उद्गाराचं नाम झालं आणि त्यातली कणव बरीच आटली. नेबिश म्हणजे नेभळट, दुर्लक्ष करावं असा माणूस. तो खोलीत आला की कुणीतरी बाहेर गेल्यासारखं वाटतं, असं त्याच्याबद्दल म्हणतात. दोन शब्दांचा आवाज सारखा असला तरी नेभळट आणि नेबिश यांचं काही नातं नाही.

क्लट्झ सगळ्यात सोपा. यिडिशमध्ये त्याचा अर्थ लाकडाचा ठोकळा, आणि माणसाला लावला की हातून वस्तू निसटणारा, चालताना टेबलाला धडकणारा धांदरट. अमेरिकन इंग्रजीत तो आता इतका रुळलाय की तो बाहेरून आलाय हे बहुतेकांना माहीत नसतं. श्लब म्हणजे गबाळा. श्नुक म्हणजे कुणीही टोपी घालावी असा भोळा.

हे सगळे शब्द न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतून देशभर कसे गेले, त्यात करमणुकीचा वाटा फार मोठा. न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅट्सकिल पर्वतांत ज्यू कुटुंबांसाठी उन्हाळी हॉटेलं उभी राहिली, कारण इतर अनेक हॉटेलं ज्यूंना उतरू देत नसत. बीटाच्या बोर्श सूपवरून लोक त्या भागाला बोर्श्ट बेल्ट म्हणू लागले. रोज संध्याकाळी जेवणानंतर तिथे तरुण विनोदवीर उभे राहत, आणि पुढे त्यांतलेच बरेच रेडिओ आणि टीव्हीवर गेले. स्वतःच्या फजितीवर बोलणारा, बायको-आई-साहेब सगळ्यांकडून बोलणी खाणारा माणूस त्यांनी अमेरिकन विनोदाच्या मध्यभागी आणून बसवला. १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘लव्हर्न अँड शर्ली’ या मालिकेच्या सुरुवातीला दोन मैत्रिणी मिलवॉकीच्या रस्त्यावर हातात हात घालून ‘श्लेमील! श्लिमाझल!’ म्हणत उड्या मारत येतात. त्या वेळी कोट्यवधी अमेरिकन मुलांनी हे शब्द पाठ केले. त्यांतल्या बहुतेकांना ते निरर्थक बडबडगीत वाटलं.

याचा मला आनंद होतो आणि वाईटही वाटतं. दुसऱ्या महायुद्धाआधी जगात यिडिश बोलणारे एक कोटीहून अधिक होते. नाझींनी मारलेल्या ६० लाख ज्यूंपैकी बहुसंख्य लोकांची भाषा यिडिश होती. ज्या स्वयंपाकघरांत श्लेमील आणि श्लिमाझल यांतला फरक जिवंत होता, ती घरंच्या घरं संपवली गेली. आज यिडिश रोजच्या वापरात आहे ती मुख्यतः ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग आणि बरो पार्कसारख्या भागांतल्या आणि इस्रायलमधल्या हासिडिक, म्हणजे एका कर्मठ ज्यू पंथाच्या, कुटुंबांत. बाकी अमेरिकेला त्या भाषेतून मिळाले ते खाण्याचे पदार्थ आणि हे बावळटांचे शब्द. म्हणून ते वापरताना त्यांचा नेमका अर्थ ठाऊक असावा, एवढा मान त्या माणसांना देणं मला आवश्यक वाटतं.

अमेरिकेने स्वतःचे बावळटही घडवले. १९२४ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात एच. टी. वेब्स्टर या व्यंगचित्रकाराने कॅस्पर मिल्कटोस्ट नावाचा भिडस्त माणूस आणला. आजाऱ्याला देतात त्या दुधात भिजवलेल्या टोस्टवरून हे आडनाव. आज शब्दकोशात ‘मिल्कटोस्ट’ हा भित्र्या, मिळमिळीत माणसासाठी सर्रास आढळणारा शब्द आहे. दुसरा शब्द महायुद्धातला, ‘सॅड सॅक’. सैनिकांच्या तोंडी तो एका अश्लील वाक्प्रचाराचा अर्धा भाग होता. जॉर्ज बेकर या डिस्नेमध्ये काम केलेल्या सैनिकाने १९४२ पासून ‘यँक’ या लष्करी साप्ताहिकात त्याच नावाची चित्रमालिका काढली. तिच्यात बहुधा संवाद नसत. एक ओढलेल्या चेहऱ्याचा साधा शिपाई रांगेत उभा राहतो, बटाटे सोलतो, हुकूम पाळतो आणि तरी शिक्षा त्यालाच होते. जगभर पसरलेल्या अमेरिकन सैनिकांना तो आपला वाटला. वाकडं नशीब आणि डोक्यावरची बेफिकीर यंत्रणा एकत्र आली की काय होतं, हे तिथेही दिसतं. श्लिमाझलच्या शेजारी मी सॅड सॅकला बिनदिक्कत बसवीन.

उरले श्मक आणि पुट्झ, आणि इथे सावध राहायला हवं. या दोन्ही शब्दांचा यिडिशमधला अर्थ पुरुषाचं लिंग. अमेरिकन इंग्रजीत ‘श्मक’ आता बराच मवाळ होऊन ‘मूर्ख, नालायक माणूस’ एवढ्यावर आला असला, तरी यिडिश येणाऱ्या घरात तो आजही शिवीच आहे. त्याला सभ्य करण्यासाठी शेवटचा भाग तोडून ‘श्मो’ केला गेला, आणि ‘जो श्मो’ म्हणजे कुणीही सोमागोमा. जर्मनीत हेच स्पेलिंग दागिन्यांच्या दुकानांवर असतं, कारण जर्मनमध्ये त्याचा अर्थ दागिने. तिथे हसू नये. हा शब्द किती जहाल मानला जाई, याची साक्ष १९६२ सालची आहे. लेनी ब्रूस या विनोदवीराला वेस्ट हॉलीवूडमधल्या कार्यक्रमात मंचावर ‘श्मक’ म्हटल्याबद्दल अटक झाली.

श्लेमील, श्लिमाझल, क्लट्झ या शब्दांत माणसाला माफी आहे. श्मक आणि पुट्झमध्ये ती नाही. श्मक म्हटलेला माणूस चुकतो तो समजूनउमजून किंवा दुसऱ्याची पर्वा न करता, म्हणून त्याच्याबद्दल चीड असते. त्यामुळे ऑफिसात कॉफी सांडल्यावर स्वतःला क्लट्झ म्हणायला काही हरकत नाही, मित्राला लाडाने श्लेमील म्हटलं तरी चालतं, पण वरिष्ठांसमोर कुणाला श्मक म्हणू नये. आणि ज्यू नसलेल्याने ज्यू माणसाला यातला कुठलाही शब्द लावण्याआधी दोनदा विचार करावा.

न्यूयॉर्कचे रिपब्लिकन सिनेटर अल डमाटो यांनी तो केला नाही. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये, निवडणूक तोंडावर असताना, ज्यू समर्थकांच्या एका खासगी बैठकीत त्यांनी आपले प्रतिस्पर्धी चक शूमर यांना ‘पुट्झहेड’ म्हटलं. शूमर ज्यू. बातमी फुटली. डमाटो यांनी आधी इन्कार केला, मग ते कबूल करावं लागलं, आणि प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं या एका शब्दाचा कीस काढत बसली. १८ वर्षं सिनेटर असलेले डमाटो त्या एका शब्दामुळे हरले असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. शूमर सुमारे १० टक्क्यांच्या फरकाने जिंकले.